पंचवीस हिरवे दिवे

९ फेब्रुवारी, सकाळी ९
गाडी आली. पांढरी, इलेक्ट्रिक. इमारतीत अठ्ठेचाळीस घरं, त्यांत पहिला मी. कमिटीच्या अध्यक्षाने पहिलं पाऊल टाकायला हवंच होतं. कोणीतरी येऊन काहीतरी विचारील म्हणून तासभर गाडीशेजारी उभा राहिलो. शेवटी वॉचमन आला. साहेब, कोणाची वाट बघताय का, असं विचारलं त्याने.

गाडी सुरू केली तरी आवाज येत नाही. बायकोला कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, घरातल्या आवाजाला तुम्ही एकटे पुरेसे आहात.

आजपासून ही वही. सुरुवात कोणी केली याबद्दल पुढे कोणाला शंका राहायला नको.

२२ फेब्रुवारी
नगरपालिकेने ‘हरित इमारत’ स्पर्धा जाहीर केली. जूनअखेर परीक्षक येणार. निम्म्याहून जास्त घरांत इलेक्ट्रिक गाडी असेल तर बक्षीस आपलंच. अठ्ठेचाळीसच्या निम्म्याहून जास्त म्हणजे पंचवीस. लक्ष्य ठरलं. शोरूमवाला म्हणाला, घाऊक घेतल्या तर चांगली सूट देतो.

मीटिंगमध्ये चाळीस मिनिटं बोललो. तिसऱ्या मजल्यावरचे फिजिक्सचे सर मध्येच उठले. म्हणाले, कल्पना चांगली आहे, मीही घेणार आहे, पण मागचा ट्रान्सफॉर्मर बघितलाय का? म्हटलं, रोज बघतो, माझ्या बाल्कनीतूनच दिसतो. लोक हसले. सर बसले. एक-शून्य.

१७ मार्च
नऊ गाड्या. चार्जर बसवणारा माणूस आता मला बॉस म्हणतो. शोभतं.

सासूबाई राहायला आल्या. फुप्फुसांचं दुखणं. दिवसातले अठरा तास नाकात नळी. नळी एका मशीनला जोडलेली, ते हवेतून ऑक्सिजन काढतं. चालतं विजेवर. आकाराने छोट्या सुटकेससारखं आणि पहाटे मी जसा घोरतो तसा त्याचा आवाज, असं बायकोचं म्हणणं. सोबत एक सिलिंडर, वीज गेली तर म्हणून. तीन तास पुरतो.

बायकोने विचारलं, इथे वीज जात नाही ना? म्हटलं, अध्यक्ष कोण आहे? सासूबाई हसल्या. म्हणाल्या, जावईबापू आहेत म्हटल्यावर मला कसली काळजी. या बाईंना माणसांची पारख आहे. त्यांची मुलगी बहुतेक वडिलांवर गेली.

५ एप्रिल, रात्री ८.१०
चौदा. संध्याकाळी सगळे साडेसातच्या सुमारास परत येतात आणि एकदम प्लग लावतात. सुंदर दृश्य. खाली हिरव्या दिव्यांची रांग.

त्या वेळी घरातले दिवे जरा मंद होतात. डोळ्यांना बरं वाटतं. बायको म्हणाली, आईच्या मशीनचा आवाज बदलतो. मी कान लावून ऐकलं. किंचित खालच्या पट्टीत जातो, बास.

१२ एप्रिल
इमारतीचा वायरमन येऊन गेला. वीस वर्षं इथे येतो, बोलणं कमी. त्याने मेन पॅनलच्या दारावर पंजा ठेवला आणि डोळे मिटून उभा राहिला, पोरांचा ताप बघावा तसा. मग म्हणाला, साहेब, संध्याकाळी या दारावर हात ठेववत नाही. म्हटलं, मग सकाळी ठेवत जा. तो हसला नाही. वायरमन लोकांना विनोद कळत नाही.

नंतर मला मागे नेऊन ट्रान्सफॉर्मर दाखवला. बाजूला एक काचेची बरणी असते, तिच्यात खडे. म्हणाला, हे निळे होते, गुलाबी झालेत, म्हणजे आत दमट हवा गेली. मला गुलाबी जास्त आवडले.

१९ एप्रिल
वीज कंपनीचा नियम निघाला. एका इमारतीत दहापेक्षा जास्त चार्जर असतील तर अर्ज करून लोड वाढवून घ्यावा. आपले सोळा. फॉर्म आणला. त्यात एक रकाना आहे: सर्वांत जास्त लोड किती जातो.

सरांनी स्वतःहून मोजून ठेवलं होतं. रात्री आठला दोनशे बारा किलोवॉट. ट्रान्सफॉर्मर अडीचशेचा. हे अन्यायकारक वाटलं. रात्री आठलाच का मोजायचं? मी रविवारी सकाळी अकराला मोजलं. एकसष्ट. दोन्ही आकडे खरे आहेत. मग वाईट आकडाच का द्यायचा?

पण सोळा चार्जर असताना एकसष्ट लिहिलं तर संशय येऊन कंपनीचा माणूस बघायला येणार. दोनशे बारा लिहिलं तर नवा ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत नवे चार्जर बंद. म्हणजे जून गेला. फॉर्म नीट विचार करून भरायचा आहे. सध्या ड्रॉवरमध्ये.

३ मे
अठरा. कडक उन्हाळा. एसी लागले.

दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरबाईंची लेखी तक्रार. संध्याकाळी जिन्यात जळक्या माशांचा वास येतो. ताबडतोब सर्क्युलर काढलं: रहिवाशांनी मासे तळताना स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घ्याव्यात. अशा कामात मी वेळ लावत नाही.

४ मे
सर भेटले. म्हणाले, कोणी मासे तळत नाहीये. वायरचं आवरण तापलं की तसा वास येतो. त्यांना सांगितलं, सर, तुमचा विषय फिजिक्स, वास हा केमिस्ट्रीत येतो. दोन-शून्य.

१४ मे, रात्री ९
मेन ब्रेकर पडला. सव्वासातला सगळी इमारत अंधारात. वायरमनला बोलावून चालू करेपर्यंत पन्नास मिनिटं. तेवढा वेळ सासूबाई सिलिंडरवर. बायकोने अंधारात धडपडत नळी बदलली. सासूबाई मात्र शांत. म्हणाल्या, जावईबापू खाली गेलेत ना, येईल लाइट.

मी खाली गेलो होतो हे खरं आहे. माझ्या गाडीचं चार्जिंग मध्येच तुटलं का ते बघायला.

संकल्प: सिलिंडर भरून आणायचा.

१६ मे
टाइमटेबल केलं. रंगीत. गाड्यांचे तीन गट. पहिला गट संध्याकाळी सहा ते दहा, दुसरा दहा ते दोन, तिसरा दोन ते सहा. सर्वांना पहिलाच गट हवा. शेवटी मी स्वतः तिसऱ्या गटात नाव घातलं. टाळ्या पडल्या. नेतृत्व म्हणजे हेच.

१९ मे
पहाटे दोनला उठून प्लग लावणं हे माझ्या वयाला बरं नाही. वेळ आधीच लावून ठेवायची सोय गाडीच्या ॲपमध्ये आहे म्हणतात. ती नंतर शिकून घेईन. तोपर्यंत संध्याकाळी आल्यावर लावतो. एका गाडीने काय होतंय. शिवाय माझी गाडी कमिटीच्या कामासाठी लागते, म्हणजे एका अर्थी ती अत्यावश्यक सेवेत येते.

२३ मे
ब्रेकर पुन्हा पडला. मंगळवारी आणि आज. सिलिंडर अर्ध्याखाली आलाय असं बायको म्हणाली. उद्या नक्की.

मीटिंगमध्ये सरांनी एक यंत्र सुचवलं. ते लावलं की सगळे चार्जर आपसात वीज वाटून घेतात. लोड वाढला की गाड्या हळू भरतात, घरांना त्रास नाही. कोणाला उठावं लागत नाही, भांडावं लागत नाही. चांगलं आहे, मान्य. पण बसवायला दोन आठवडे, आणि तोपर्यंत सगळे चार्जर बंद. परीक्षकांना काय दाखवायचं, बंद चार्जर? ठराव केला: यंत्राचा विचार जुलैमध्ये सहानुभूतीपूर्वक करावा. सर म्हणाले, जुलैपर्यंत थांबायला ट्रान्सफॉर्मरला कोणी सांगणार आहे का?

मिनिट्समध्ये हे वाक्य घेतलं नाही.

२ जून
बावीस. गरमी वाढतेय. रात्रीही भिंती गरम असतात. आज संध्याकाळी बाल्कनीत बसलो होतो. पूर्वी ट्रान्सफॉर्मरचा आवाज ऐकू यायचा नाही, आता गुणगुण येते. आठनंतर ती गुणगुण राहत नाही. जमिनीतून काहीतरी दात आवळून धरल्यासारखा आवाज. टेबलावर पाण्याचा ग्लास होता, पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती.

ग्लास उचलून आत आलो. बाल्कनीत डास फार झालेत.

६ जून
वीज कंपनीच्या इंजिनियर बाई आल्या. बाहेरच्या मीटरवर त्यांना आकडे दिसले म्हणे. तरुण, अगदी शांत. म्हणाल्या, या रस्त्यावर अशा चार इमारती आहेत, सगळीकडे हेच, कोणीही अर्ज करत नाही, आम्हाला गाड्या किती ते कळतच नाही आणि मग एक दिवस सगळंच कळतं. अर्ज द्या, तोपर्यंत संध्याकाळी बारापेक्षा जास्त चार्जर चालू करू नका. पत्रही दिलं.

मी त्यांना कॉफी पाजली. पत्र फाइलमध्ये लावलं. फाइल ड्रॉवरमध्ये. त्याच ड्रॉवरमध्ये फॉर्म आहे, म्हणजे सगळं एका जागी आहे. व्यवस्थितपणा माझा लहानपणापासूनचा.

११ जून
आठवड्यात चार वेळा ब्रेकर पडला. लोक माझ्याकडे बघून बोलणं थांबवतात. सासूबाईंना काल धाप लागली होती. बायको सरळ म्हणाली, आईला इथून हलवू का मी? म्हटलं, मी हे आजच सोडवतो.

आणि सोडवलं! ब्रेकरवर एक स्क्रू असतो. तो फिरवला की ब्रेकर किती लोडला पडायचं ते बदलतं. वायरमनला सांगितलं, फिरव. तो नाही म्हणाला. कारण विचारलं. म्हणाला, साहेब, हा पडतो म्हणून आपण उभे आहोत. मी अध्यक्ष या नात्याने जरा वरच्या आवाजात बोललो. त्याने पॅनलच्या किल्ल्या खिशातून काढल्या, माझ्या टेबलावर ठेवल्या, आणि गेला. वीस वर्षांत काय हा माज.

चार्जरवाल्याने दोन मिनिटांत फिरवला. बॉस, आता निवांत झोपा, म्हणाला.

१८ जून
आठवडाभर ब्रेकर एकदाही पडला नाही. लोक लिफ्टमध्ये पुन्हा नमस्कार करतात. सासूबाईंची धाप कमी आहे. मुलीला म्हणाल्या, बघ, मी म्हणत नव्हते, करतील काहीतरी.  बायकोला मी स्क्रूचं सांगितलेलं नाही. तांत्रिक गोष्टी घरात आणू नयेत.

सिलिंडर आता इतका तातडीचा राहिला नाही. तरी पुढच्या आठवड्यात.

२३ जून
चोवीस. पंचविसावी गाडी सरांची होती, पण सर म्हणाले, परीक्षक येतील त्या दिवशी, २८ ला, मी प्लग लावणार नाही. खूप समजावलं. म्हटलं, फक्त अर्धा तास, हिरवा दिवा दिसला की बास. तर कागद काढून गणितच करायला बसले. पंचवीस गाड्या, वर या गरमीत अठ्ठेचाळीस घरांचे एसी, लिफ्ट, पंप. साडेतीनशेच्या पुढे. म्हणाले, पूर्वी ब्रेकर पडला असता आणि आपण वाचलो असतो. तो हल्ली का पडत नाही हो?

म्हटलं, बहुतेक सवय झाली असेल.

ते आणखी काहीतरी विचारणार असं दिसलं. मला घरी काम होतं.

पंचविसाव्या जागेवर शोरूमची डेमो गाडी उभी करणार. सगळं जुळून येतंय.

२६ जून
सर्क्युलर: बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास चार्जरचा दिवा विझतो. तरी २८ तारखेला सर्वांनी आपापली गाडी जास्तीत जास्त रिकामी करून आणावी.

बायकोने सर्क्युलर वाचलं. विचारलं, म्हणजे सगळ्या एकाच वेळी, पूर्ण जोरात? म्हटलं, तसंच. ती म्हणाली, त्या संध्याकाळपुरतं आईला दादाकडे ठेवते. मेहुण्याकडे पाठवायला मी नको म्हटलं. अध्यक्षाच्या घरचेच पळून गेले असं दिसेल. सासूबाईंनीही माझीच बाजू घेतली. त्यांना वरून दिवे बघायचेत.

२८ जून, संध्याकाळी ५
तयारी पूर्ण. गाड्या फाटकापासून एका रांगेत, तोंडं एका दिशेला. मी स्वतः दोरी धरून रांग सरळ केली. साडेसातला परीक्षक. भाषण पाठ. फोन पूर्ण चार्ज, व्हिडिओ मीच घेणार. आजच्या इतकी गरमी या वर्षात झाली नव्हती. पावसाचा पत्ता नाही, पानही हलत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाशी वॉचमनचं मांजर झोपायचं, ते तीन-चार दिवस दिसलेलं नाही.

आज रात्री सविस्तर लिहीन.

२९ जून, सकाळी ८
काल लिहिता आलं नाही.

जसं घडलं तसं लिहितो.

साडेसातला तिघे परीक्षक आले. मी हात वर केला. सगळ्यांनी प्लग लावले. पंचवीस हिरवे दिवे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांपैकी एक बाई वा म्हणाल्या. हे झालं. हे व्हिडिओत आहे.

मी भाषण सुरू केलं. मागून तो आवाज येत होता म्हणून मोठ्याने बोलावं लागलं. सहाव्या मिनिटाला दिवे एकदम पिवळे झाले, मग खूप पांढरे. मग धडाका. छातीवर कोणी फळी मारावी तसा. इमारतीच्या मागून केशरी उजेड आणि काळा धूर. सगळं बंद.

पॅनलमधूनही धूर निघत होता. वायरी जिथून वर जातात त्या पोकळीतून तो प्रत्येक मजल्यावर गेला. जिन्यात दिसेना. लिफ्ट बंद.

मी परीक्षकांना सुरक्षित बाहेर नेलं. मग गाड्या हलवायला सांगत होतो, आग जवळ होती. गाड्या हलेनात. प्लग आतच अडकून बसले होते. वीज गेली की काहींचे असे अडकतात, सोडवायची एक युक्ती असते म्हणे, ती कोणालाच माहीत नव्हती. पंचवीस गाड्या, फाटकापासून रांगेत. वॉचमनने एक प्लग हाताने ओढायला घेतला. त्याचा पंजा भाजला.

फोनवर मी अजून व्हिडिओ घेत होतो. बंद करायचं सुचलं नाही. बायकोचे अकरा कॉल आले होते. नंतर बघितले.

सिलिंडर वीस मिनिटं पुरला.

सर आणि डॉक्टरबाई तोंडाला ओले टॉवेल बांधून पाचव्या मजल्यावर आमच्या घरी गेले. सासूबाईंना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून चादरीने बांधलं आणि पाच मजले खाली आणलं. पुढून सर, मागून बायको आणि डॉक्टरबाई. मी त्यांना खाली आल्यावर बघितलं. सासूबाईंचे ओठ निळे होते. ॲम्ब्युलन्स फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली, आत यायला जागा नव्हती. खुर्ची गाड्यांमधून आडवी करून रस्त्यापर्यंत न्यावी लागली. एका जागी माझ्या गाडीचा आरसा आडवा येत होता. सरांनी तो कोपराने मोडला.

बायको ॲम्ब्युलन्समध्ये बसली. मी चढायला गेलो. ती म्हणाली, तुम्ही थांबा, तुमचे पाहुणे आहेत.

१ जुलै
सासूबाई अतिदक्षता विभागात. जिवंत आहेत. डॉक्टर जास्त काही बोलत नाहीत.

इमारतीला वीज नाही. नवा ट्रान्सफॉर्मर कधी येईल कोणी सांगत नाही. पाणी वर चढत नाही. बरीच घरं नातेवाइकांकडे गेली. मी दिवसा गाडीत बसून अहवाल लिहितो. गाडीत पंखा चालतो. बॅटरी एकतीस टक्के. अहवालाचे मुद्दे: अभूतपूर्व उष्णता. जुनाट यंत्रणा. वीज कंपनीची दूरदृष्टी कमी. रहिवाशांची शिस्त कमी.

चौदा पानं झाली. छान जमलाय.

३ जुलै
इंजिनियर बाई आल्या. काळ्या पडलेल्या पॅनलसमोर बराच वेळ उकिडव्या बसल्या. ब्रेकर काढून पिशवीत घातला. त्यातला स्क्रू शेवटपर्यंत फिरलेला होता. कोणी फिरवला, विचारलं. म्हटलं, असे स्क्रू उष्णतेने फिरू शकतात का? त्या म्हणाल्या, नाही.

चार्जरवाल्याचा फोन लागत नाही.

त्यांनी मीटरची नोंद दाखवली. कागदावर डोंगरासारखी रेघ. मी विचारलं, नक्की कोणामुळे झालं? एखादी गाडी जास्त घेत होती का? त्या म्हणाल्या, एका गाडीचं काही नसतं हो. पण ती ‘एकच गाडी’ प्रत्येकाची असते.

अहवालात हे कसं घ्यावं कळत नाही.

५ जुलै, सकाळी ११
मीटिंग. पार्किंगमध्ये, घरून आणलेल्या खुर्च्यांवर. मी अहवाल घेऊन उभा राहिलो. सगळे नीट ऐकायला बसले. ओरडतील अशी तयारी होती, ओरडण्याला उत्तरंही तयार होती. वॉचमन पट्टी बांधलेला हात छातीशी धरून मागे उभा होता. मी त्याच्याकडे बघून बोलायला लागलो आणि दुसऱ्या वाक्याला थांबलो.

सर उठले. वाटलं, आता हिशेब चुकता करणार. ते एवढंच म्हणाले, वायरमनला परत बोलावू या, त्याची माफी मागायला कोण जाईल? कोणीच माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम दुसरीकडे बघितलं. म्हटलं, मी जातो.

मग नव्या अध्यक्षांची निवड झाली. डॉक्टरबाई. एकमताने. माझंही मत धरून.

६ जुलै
वायरमनच्या घरी गेलो. दोन खोल्या. त्याने पाणी दिलं. मी किल्ल्या परत दिल्या. माफीची वाक्यं ठरवून गेलो होतो, ‘अनवधानाने’ वगैरे. ती निघाली नाहीत. त्याने विचारलं, आजी कशा आहेत? मशीन असणाऱ्या आजी? तेव्हा कळलं, त्याला मशीनचं माहीत होतं. ब्रेकर पडला की धावत यायचा तो त्यासाठी. मला वाटायचं, मी अध्यक्ष आहे म्हणून.

स्पर्धेचं पत्र आलं. परीक्षण अपूर्ण राहिल्यामुळे आपल्या इमारतीचा विचार करता येत नाही.

अहवाल फाडला नाही. पण पुढे लिहिलाही नाही.

९ जुलै, संध्याकाळी
सासूबाईंना साध्या वॉर्डात हलवलं. बायकोने मेसेज केला, भेटायचं असेल तर चार ते पाच. एवढाच. ती दादाकडे राहते. आईला पुढे तिथेच ठेवणार, तळमजला आहे.

बसने गेलो. बायको बाहेर औषधं आणायला गेली होती. सासूबाई तोंडावर मास्क लावून बसल्या होत्या, अर्ध्या राहिल्यासारख्या. मास्कमधून सूं सूं आवाज. मला बघून डोळ्यांनी हसल्या. हात पुढे केला. मी धरला. त्यांनी विचारलं, जावईबापू, लाइट आली का?

मी म्हटलं, नाही आली. आणि गेली ती माझ्यामुळे गेली. स्क्रू मी फिरवायला लावला. सिलिंडर मी भरला नाही. तुम्हाला दादाकडे न्यायचं होतं ते मीच अडवलं.

एवढं सलग खरं मी पूर्वी कधी बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना.

त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाल्या, आली ना? मला माहीतच होतं. तुम्ही असताना अंधार कसा राहील.

मास्कच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नव्हतं. पुन्हा सांगायला तोंड उघडलं. त्या इतक्या समाधानाने बघत होत्या. मिटलं.

वळलो तर दारात बायको उभी. हातात औषधांची पिशवी. केव्हापासून उभी होती माहीत नाही, पण तिने सगळं ऐकलं होतं. मी वाट बघितली. ती आत आली, आईची उशी सरळ केली, स्टुलावरची रिकामी बाटली उचलली आणि पाणी भरायला गेली.

पाच वाजले. नर्सने बाहेर जायला सांगितलं.